वाळवणाची तीन वाचनं

क्रिसांतानं पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. आतलं भात तापलं होतं. वरवर गार आणि ओलं, पण हात जसजसा खाली जाई तसतशी ऊब वाढत होती, तापानं फणफणलेल्या पोराच्या काखेत हात घालावा तशी. तिनं मूठभर दाणे उपसून नाकाशी नेले. आंबूस वास अजून आला नव्हता. आणखी एक दिवस पोत्यात राहिलं असतं तर तोही आला असता, आणि मागोमाग मोड.

साधं भात असतं तर तिनं एवढी काळजी केली नसती. हे चिकट भात होतं, काळपट तांबड्या सालीचं, नदीकडच्या एका वाफ्यात मुद्दाम लावलेलं. शनिवारी फेलीचं, तिच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न होतं. लग्नात नारळाच्या दुधातल्या वड्या करायच्या त्या आईनं, स्वतःच्या शेतातल्या चिकट भाताच्या. बाजारचं भात आणलं तर नवराबायको एकमेकांना धरून राहत नाहीत, असं जुनी माणसं सांगत. जुन्या माणसांचं खरं-खोटं कोण करत बसतं? पण उद्या फेलीच्या संसारात भांड्याला भांडं लागलं, तर गाव बोट दाखवणार ते आईच्या वड्यांकडे, हे क्रिसांताला पक्कं ठाऊक होतं.

वादळाच्या शेपटानं पाच दिवस झोडपून काढलं होतं. पीक आडवं झालं तेव्हा मायलेकी गुडघाभर चिखलात उतरल्या, एकेक पेंढी पाण्यातून सोडवून विळ्यानं कापली आणि खांबांवर उभारलेल्या घराच्या खाली, बाजूंनी ताडपत्री बांधून, झोडपून काढली. बोटांची कातडी सुरकुतून पांढरी पडली होती. कंबर तर आता कुणा दुसऱ्याचीच आहे असं वाटत होतं. आणि आज सकाळी ऊन पडलं. लख्ख ऊन, अंगणातून वाफा काढणारं. गावात घरोघरी पोती भिजून बसली होती, आणि आज कुणीच वाळवण घालायचं नव्हतं. तशी कप्तानाची ताकीद होती.

कप्तान म्हणजे गावानं निवडून दिलेला मुख्य, दाल्मासियो. नात्यानं क्रिसांताचा धाकटा चुलत दीर. तो सकाळपासून खराटा घेऊन रस्त्यावर उभा होता आणि पाहुण्यांच्या नावानं सगळ्यांना पळवत होता.

"मानांग, आजचा एक दिवस कळ काढा," तो वहिनीला म्हणाला. "प्रांताचे साहेब लोक येत्यात. रस्त्यावर भात दिसलं तर म्हणतील, ही माणसं कायदाच मानत न्हाईत, यांचं ऐकायचं तरी कशापायी?"

"मी काढीन कळ. भाताला कोण सांगणार?"

"भाताला म्हणावं, सरकार आलंय."

"त्याला सरकार कळत न्हाई, दाल्मास. त्याला ऊन कळतं."

दाल्मासियोला हे कळत नव्हतं असं नाही. त्याचं स्वतःचं भात चर्चच्या मागे ढीग लावून झाकून ठेवलेलं होतं. पण त्याच्या डोक्यात साहेबांसमोरची आजची सुनावणी शिरली होती, आणि एकदा त्याच्या डोक्यात काही शिरलं की बाहेर यायला वाट नसे.

सगळं सुरू झालं होतं ते गेल्या सुगीत. प्रांताचा सिमेंटचा रस्ता गावातून जातो. सुगी आली की रस्त्याच्या एका अंगाला भात आणि दुसऱ्या अंगाला गाड्या, असा वहिवाटीचा बेत. कुणी आपल्या भातावरून चाक नेऊ नये म्हणून लोक कडेला दगड मांडून ठेवायचे. अशाच एका दगडावर शेजारच्या गावचा तेओफिलो मोटारसायकलसकट कोलमडला आणि त्याचा खांदा मोडला. तो गळ्यात झोळी बांधून थेट प्रांताच्या कचेरीत गेला. तिथं त्याला भेटले सेवेरिनो वकील. ते प्रांताच्या मंडळाचे निवडून आलेले सभासद, म्हणजे बोकाल. त्यांनी मनावर घेतलं, आणि पुढची सुगी यायच्या आत कायदा झाला: प्रांताच्या रस्त्यावर भात वाळवायचं नाही. दंड होईल, भात जप्त होईल. त्यानंतर काही महिन्यांनी याच तेओफिलोच्या मुलानं फेलीला मागणी घातली. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात ते क्रिसांताच्या बाबतीत असं खरं झालं. व्याह्यानं घोड्याऐवजी कायदा धाडला होता.

बरं, रस्ता नाही तर मग कुठे? अंगणात चिखल, आणि गावात सिमेंटची दुसरी जागा एकच, चर्चशेजारचं पटांगण. ते मुळात सरकारनं भात वाळवण्यासाठीच बांधलेलं. पुढे पोरांनी त्यावर बास्केटबॉलचे खांब रोवले, आणि सकाळी भात, संध्याकाळी चेंडू असं दोन्ही गुण्यागोविंदानं चाललं. मग एका वर्षी गव्हर्नरांना पोरांना ऊन लागतं याचं वाईट वाटलं. त्यांनी पटांगणावर पत्र्याचं भलंमोठं छप्पर घातलं आणि छपरावर माणसाएवढ्या अक्षरांत स्वतःचं नाव रंगवून घेतलं. ते वाचायला आभाळातल्या घारींशिवाय कुणी नव्हतं. गावानं टाळ्या वाजवल्या, डुक्कर कापून जेवण घातलं. पटांगणात ऊन येत नाही हे पुढच्या सुगीपर्यंत कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

गावोगावच्या तक्रारी गेल्या तेव्हा मंडळात कायद्याच्या दुरुस्तीचा ठराव आला. प्रांतात कुठलाही कायदा तीन वेळा वाचावा लागतो. पहिल्यांदा नुसतं नाव वाचतात. मग तो समितीकडे जातो आणि समिती लोकांना विचारते. तिचा अहवाल आला की दुसरं वाचन, त्यात वादावादी. तिसऱ्यात मतं. मग गव्हर्नरांची सही, मग फळ्यावर चिकटवणं. दुरुस्तीचं पहिलं वाचन झालं होतं आणि समिती आज विचारायला येत होती. समितीचे प्रमुख होते खुद्द सेवेरिनो वकील. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. इथं तर निदान सरकार आपल्या पायानं गावात येत होतं, म्हणून दाल्मासियोला कुठे ठेवू नि कुठे नको झालं होतं.

त्यानं काय काय करावं? चर्चपासून मोरीपर्यंतचा रस्ता झाडून, धुऊन घेतला. दोन्ही टोकांना बांबूच्या कमानी आणि नारळाच्या झावळ्या लावल्या. पाहुण्यांसमोर पोरी रस्त्यावर नाचणार म्हणून तेवढा रस्ता सूर्यास्तापर्यंत वाहनांना बंद ठेवण्याचा हुकूम खास गव्हर्नरांकडून मागवून घेतला. पाहुण्यांची गाडी आत आली की मागून बांबू आडवे टाकायचे, अशी दोन माणसं नेमली. आणि भाताचा एक दाणा रस्त्यावर दिसता कामा नये, असं दारोदार जाऊन बजावलं.

दहाच्या सुमारास गाडी आली, बांबू पडले, नाच झाला. मग सगळी मंडळी छपराखाली बसली. सेवेरिनो वकील पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे, बोलायला मऊ. त्यांच्याबरोबर मंडळाची चिटणीस देल्फिना होती, सडपातळ, चष्मेवाली. तिनं उभं राहून मूळ कायदा पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला, कारण सुनावणीत तो वाचावाच लागतो. 'वाहनांना खुल्या असलेल्या प्रांताच्या कोणत्याही रस्त्यावर' असं ती प्रत्येक कलमात म्हणत होती. तिसऱ्या कलमाला पुढची म्हातारी माणसं डुलक्या घेऊ लागली. क्रिसांताचं लक्षच नव्हतं. छपराबाहेरचं ऊन धुतलेल्या रस्त्यावर पसरलं होतं आणि ती त्याच्याकडे उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघतो तशी बघत होती. पहिल्या रांगेत पाहुण्यांच्या शेजारी, साक्षीदार म्हणून, तेओफिलो बसला होता. त्याचा उजवा खांदा अजून डाव्यापेक्षा खाली होता.

वाचन झालं. सेवेरिनो वकील उठले. आपण बरीच गावं पाहिली, पण असा स्वच्छ रस्ता कुठे दिसला नाही, असं त्यांनी सांगितलं. दुरुस्ती मागणारे म्हणतात की कायद्यानं लोकांचे हाल होतात. इथं तर भर सुगीत रस्त्यावर भाताचा दाणा नाही, लोक हसतायत, नाचतायत. म्हणजे माणसानं मनात आणलं तर सोय होते. हे आपण अहवालात आवर्जून लिहू, असं म्हणून त्यांनी दाल्मासियोची पाठ थोपटली.

दाल्मासियोचा चेहरा बघण्यासारखा झाला. पाहुण्यांसाठी घर आवरता आवरता त्यानं आपलं दुखणंच फडताळात कोंडलं होतं.

"कुणाची काही हरकत?" वकिलांनी विचारलं.

हरकत सगळ्यांचीच होती. पण पाहुणा कौतुक करत असताना त्याच्या तोंडावर नाही म्हणायचं, ही रीत गावात नव्हती. शिवाय मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी? लोकांनी पायाच्या बोटांकडे बघायला सुरुवात केली. देल्फिनानं लेखणी उचलली.

क्रिसांता उठली. आपण का उठलो हे तिला नंतरही सांगता आलं नाही. एवढंच आठवलं की उजव्या हाताला सकाळची ती ऊब अजून लागलेली होती. उठल्यावर तिला दिसला तेओफिलो. हा कायदा व्याह्याच्या मोडक्या खांद्यातून जन्मला होता. शनिवारी लग्न, आणि आज भर सभेत आपण त्याच्याविरुद्ध बोलणार. फेली मागून पदर ओढावा तसं तिचं झंपर ओढत होती.

"आपो, मला बोलता येत न्हाई," ती वकिलांना अदबीनं म्हणाली. "मी जरा जाऊन येते."

ती गेली आणि डोक्यावर पोतं घेऊन आली. वाटेत तिनं कुणाला हात लावू दिला नाही. तिनं पोतं वकिलांच्या पुढ्यात टेकवलं आणि त्याचं तोंड सोडलं.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला? घाला हात."

सेवेरिनो वकिलांनी पांढऱ्याशुभ्र बाहीकडे एकदा पाहिलं, बाही वर सरकवली आणि हात घातला. आधी मनगट, मग कोपर. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचं सभेचं हसू गेलं. त्यांचे आजोबा शेतकरी होते. लहानपणी आजोबांच्या पोत्यात हात घालून त्यांनी ही ऊब पाहिली होती, आणि त्यानंतर आजोबा दोन दिवस जेवले नव्हते, हेही त्यांना आठवलं असावं.

"हे आज वाळायला हवं," ते हलक्या आवाजात म्हणाले.

"व्हय. फेलीच्या लग्नाच्या वड्यांचं हाय."

आता तेओफिलो उठला. तोही पोत्याशी आला, डावा हात आत घातला, बराच वेळ तसाच ठेवला. मग हात झटकून वकिलांकडे वळला.

"साहेब, एक सांगायचं राहून गेलं," तो म्हणाला. "मी भातावर पडलो न्हाई. दगडावर पडलो. दगडाला बंदी करा, माझं काय म्हणणं न्हाई. पण माझ्या सुनेच्या वड्या जप्त करू नका."

क्रिसांताला एकदम भरून आलं. गेले कितीतरी महिने ती या माणसाला मनातल्या मनात काय काय म्हणाली होती, त्यातलं एकही आता तिला आठवेना. हा माणूस चांगला आहे, फेली चांगल्या घरात पडतेय, एवढंच तिला कळलं आणि तिनं डोळे पुसले.

"मग तुम्ही एरवी वाळवता कुठे?" वकिलांनी सभेला विचारलं.

एका म्हातारीनं मान वर करून छपराकडे पाहिलं. मग तिच्या शेजारणीनं पाहिलं. बघता बघता सगळी सभा माना वर करून पत्र्याकडे बघू लागली, आणि वकिलांनीही पाहिलं. छपराचं काम त्यांनीच मंडळात मंजूर केलं होतं. आधी ते स्वतःच हसले. मग गाव हसलं. पाच दिवसांच्या पावसात कोंडलेलं हसू एकदम सुटलं. कुणीतरी ओरडून विचारलं की चेंडूला ऊन लागत होतं का, आणि दाल्मासियोनं हसता हसता, धोतर सुटावं तसा कमरेचा पट्टा घट्ट धरला.

हसू ओसरल्यावर वकिलांनी खरं सांगितलं. दुरुस्ती व्हायला हवी, आता आपणच ती लावून धरू. पण आपण एकटे म्हणजे मंडळ नव्हे. अजून दोन वाचनं आहेत, सही आहे, फळ्यावर चिकटवणं आहे. आज रस्त्यावर भात घाला असं आपल्याला म्हणता येत नाही, कारण कायदा करणाऱ्यानंच तो मोडला तर राहिलं काय?

"तवर माझ्या भाताला मोड येतील," क्रिसांता म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती फक्त पोत्याचं तोंड परत बांधायला लागली.

तेव्हा देल्फिना खाकरली. सबंध सकाळभर तिनं वाचण्यापलीकडे एक शब्द काढला नव्हता.

"बोकाल, कायदा 'वाहनांना खुल्या असलेल्या' रस्त्यासाठी आहे," ती म्हणाली. "हा रस्ता आज खुला नाही."

"म्हणजे?"

"कप्तानांनीच बंद करून घेतलाय. चर्चपासून मोरीपर्यंत, सूर्यास्तापर्यंत. हुकूम गव्हर्नरांच्या सहीचा आहे. आज तिथं वाहन येऊच शकत नाही, तेव्हा तिथं काय वाळतंय याच्याशी आपल्या कायद्याला काही देणंघेणं नाही."

वकिलांनी दोन्ही टोकांच्या आडव्या बांबूंकडे पाहिलं, मधल्या चकचकीत मोकळ्या सिमेंटकडे पाहिलं, आणि मोठ्यानं म्हणाले, "सुनावणी तहकूब!"

पुढे काय झालं ते सांगायला वेळ लागतो, व्हायला लागला नाही. चर्चमागचे ढीग उघडले. बाया, बाप्ये, पोरं, नाचणाऱ्या पोरी त्यांच्या नाचाच्या झग्यांसकट, सगळे पोती ओढत रस्त्यावर आले. ताडपत्र्या अंथरल्या, भात ओतलं, दंताळी फिरली. कुणी दगड मांडायला उचलला की तेओफिलो तिथं हजर. क्रिसांतानं मोरीजवळची जागा धरली, जिथं ऊन शेवटपर्यंत राहतं. फेलीनं आणि तिनं भात पातळ, एकेरी पसरलं आणि अनवाणी पायांनी सऱ्या पाडत त्यातून चालू लागल्या. ओले दाणे बोटांमध्ये चिकटत होते. सिमेंट तापत चाललं होतं. क्रिसांताच्या कंबरेला आज पहिल्यांदा बरं वाटलं.

पाहुण्यांना परत जायचं होतं. पण त्यांची गाडी पटांगणाशी, चहूकडे भात, आणि रस्ता वाहनांना बंद.

"मी जाऊ तरी कसा?" वकिलांनी विचारलं.

"सूर्यास्तापर्यंत न्हाई जाता येणार, साहेब," दाल्मासियो हात जोडून म्हणाला. "गव्हर्नर साहेबांचा हुकूम हाय."

मग पाहुणे जेवले. वांगी-कारल्याची भाजी, भाजलेले मासे, उसाची दारू थोडीशी. जेवण झाल्यावर वकिलांनी बूट काढून विजार दुमडली आणि क्रिसांताच्या भातात उतरले. पहिल्यांदा त्यांचे पाय पोळले आणि ते उड्या मारू लागले. पोरांनी टाळ्या पिटल्या. पण सऱ्या त्यांनी सरळ पाडल्या. भात एकदा पूर्ण खालीवर फिरवून झालं तेव्हा कडेला बसलेला तेओफिलो ओरडला, "पहिलं वाचन झालं!" तेव्हापासून तोच शब्द रस्ताभर झाला. दुपारी उन्हं कलती झाल्यावर पुन्हा फिरवलं, ते दुसरं वाचन. त्यात वादावादीही झाली. कुणाचं भात कुणाच्या हद्दीत सरकलं यावरून दोन जावा भांडल्या, आणि देल्फिनानं त्या दोघींच्या मध्ये बसून त्यांची केळ्याची भजी खाल्ली.

दाल्मासियो मधूनच देल्फिनाशेजारी येऊन बसला. दुरुस्ती मंजूर होईपर्यंत किती दिवस लागतील, असं त्यानं आडून आडून विचारलं. मग म्हणाला, "सुनावणीशिवाय दुसऱ्या कशासाठी रस्ता बंद करून मिळतो का हो, बाई?"

"जत्रेला मिळतो. शेतीच्या प्रदर्शनालाही मिळतो."

"मग परवा प्रदर्शन ठेवतो."

"प्रदर्शनात काय मांडणार?"

"भात," दाल्मासियो म्हणाला.

देल्फिना इतकी हसली की तिला चष्मा काढून ठेवावा लागला. पण अर्ज कसा करायचा ते तिनं नीट समजावून सांगितलं.

सूर्य डोंगराला टेकायला आला. शेवटच्या उन्हात तिसऱ्यांदा भात फिरवलं. आता ते ओल्या चिखलासारखं गप्प बसत नव्हतं, पायाखाली सळसळत होतं. क्रिसांता खाली बसली, मधूनच एक दाणा उचलला आणि पुढच्या दातांत धरून चावला. सगळ्यांना ऐकू येईल असा कट्ट आवाज झाला. तिनं दुसरा दाणा उचलला आणि वकिलांच्या तळहातावर ठेवला. मग तिसरा व्याह्याच्या.

दोघांनी चावले. दोन्ही कट्ट वाजले.

"मंजूर," तेओफिलो म्हणाला.

"एकमतानं," सेवेरिनो वकील म्हणाले.

क्रिसांता लग्नाच्या दिवशी रडायचं ठरवून बसली होती, ते सगळं रडू तिला तिथंच आलं. रडता रडता ती हसत होती आणि फेलीला ओरडत होती की बघत काय बसलीस, दव पडायच्या आत पोतं धर. फेलीनं पोतं धरलं. व्याह्यानं डाव्या हातानं ताडपत्रीचं एक टोक उचललं, उजवा खांदा वर जात नव्हता म्हणून दुसरं टोक बोकालनं उचललं, आणि भात मधोमध घसरत ढिगाला लागलं. मोरीजवळच्या माणसानं सूर्य बुडालेला पाहून बांबू उचलला. गाडीवाल्यानं गाडी सुरू करून विचारलं, निघायचं का?

"थांब," वकील भातातूनच म्हणाले. "अजून अर्धं भरायचंय."